श्वसनमार्गाच्या विषाणूंवरील लसी : कोणती, कोणास व केव्हा

१. प्रश्नाचे स्वरूप

गोवर किंवा पोलिओ यांसारख्या रोगांवर लस टोचताना काळाचा प्रश्न फारसा गुंतागुंतीचा नसतो. बालकाचे वय ठरलेले, मात्रांची संख्या ठरलेली. त्या पुऱ्या झाल्या म्हणजे मिळणारे संरक्षण वर्षानुवर्षे टिकते आणि टोचणी जानेवारीत झाली की जुलैत, याने काही बिघडत नाही. श्वसनमार्गाला जडणाऱ्या विषाणूंची गोष्ट याहून निराळी आहे. त्यांतील काही विषाणू वर्षावर्षाला आपले रूप पालटतात; काहींची साथ ठराविक ऋतूतच जोर धरते; आणि लसीने येणारी रोगप्रतिकारशक्ती काही महिन्यांतच ओसरू लागते. त्यामुळे ‘लस घ्यावी काय?’ या प्रश्नाला ‘कोणती, कोणी आणि केव्हा?’ असे तीन उपप्रश्न अपरिहार्यपणे जोडले जातात.

आजमितीस अशा तीन विषाणूंवर लसी सिद्ध झालेल्या आहेत : इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू, रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू (पुढे संक्षेपाने आर. एस. व्ही.) आणि २०१९ च्या अखेरीस उद्भवलेला करोना विषाणू. या तिन्हींविषयीचे पुष्कळसे लोकप्रिय मार्गदर्शन युरोप-अमेरिकेतून येते आणि त्यात सप्टेंबर-ऑक्टोबरात लस घेण्याचा उपदेश असतो. त्या देशांपुरता तो योग्यच आहे. परंतु तो जसाच्या तसा महाराष्ट्रात आणला, तर लस टोचून घेतलेली असूनही ज्या दिवसांत तिची खरी गरज भासते, नेमका त्याच दिवसांत तिचा जोर सरलेला असतो. कोणती लस घ्यावी हे मुख्यतः माणसाच्या वयावर व प्रकृतीवर ठरते. ती केव्हा घ्यावी हे पुष्कळ अंशी तो कोठे राहतो यावर ठरते. या दोन गोष्टींची उकल करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. इन्फ्ल्यूएंझाचा पालटता विषाणू

१९१८ च्या जागतिक साथीत इन्फ्ल्यूएंझाने हिंदुस्थानात जे थैमान घातले त्याला आधुनिक इतिहासात तोड नाही. त्या वर्षी जूनमध्ये मुंबई बंदरातून साथीची पहिली, तुलनेने सौम्य, लाट देशात शिरली आणि सप्टेंबरापासून दुसरी, अतिशय घातक, लाट उसळली. मृतांचे निरनिराळे अंदाज एक ते दोन कोटींच्या दरम्यान आहेत. रोगाचे कारण मात्र त्या वेळी कोणासही ठाऊक नव्हते. ते १९३३ साली इंग्लंडमध्ये विल्सन स्मिथ, क्रिस्टोफर अँड्र्यूज व पॅट्रिक लेडलॉ यांनी शोधून काढले. रुग्णाच्या घशातील स्राव फेरेट या छोट्या प्राण्याच्या नाकात घालून त्यांनी त्याला तोच रोग जडवून दाखविला आणि मानवी इन्फ्ल्यूएंझाचा विषाणू प्रथमच हाती आला. पुढे १९४० ते १९५० या दशकात टॉमस फ्रान्सिस व जोनास सॉल्क यांनी कोंबडीच्या अंड्यांत वाढविलेले विषाणू मारून लस तयार केली.

लस तयार झाली, तथापि प्रश्न सुटला नाही. १९४७ साली अमेरिकेत साथ आली तेव्हा हीच लस जवळजवळ निरुपयोगी ठरली. लस बिघडलेली नव्हती. विषाणूच बदललेला होता. इन्फ्ल्यूएंझाच्या विषाणूच्या पृष्ठभागावर जी प्रथिने असतात त्यांच्यावरून शरीर त्याला ओळखते आणि त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करते. विषाणूची संख्यावाढ होत असताना या प्रथिनांत सतत बारीकसारीक फरक पडत जातात. असे फरक साठत गेले म्हणजे जुन्या ओळखीवर विसंबलेली प्रतिपिंडे नव्या विषाणूपुढे कमी पडतात.

यावर एकच उपाय होता. तो म्हणजे जगभर कोणते वाण फिरत आहेत यावर नजर ठेवून लसीतील घटक वरचेवर बदलणे. जागतिक आरोग्य संघटनेने १९५२ साली यासाठी प्रयोगशाळांचे जाळे उभारले. त्याच वर्षी पुण्यात विषाणु संशोधन केंद्राची स्थापना झाली. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणु विज्ञान संस्था या नावाने ओळखले जाते, आणि भारतातील इन्फ्ल्यूएंझाच्या पाहणीत त्याचा मोठा वाटा आहे. अशा पाहणीमुळे लसीत भर घालता येते तशी कपातही करता येते. ‘बी’ गटातील यामागाता नावाची शाखा मार्च २०२० नंतर निश्चितपणे कोठेही आढळली नाही. म्हणून सप्टेंबर २०२३ मध्ये तो घटक लसीतून वगळावा असा सल्ला देण्यात आला आणि चार घटकांची लस पुन्हा तीन घटकांवर येऊ लागली.

लस दरवर्षी का घ्यावी लागते याचे पहिले कारण यात आले. दुसरे कारण पुढे येईल.

३. साथीचा हंगाम : थंडी आणि पाऊस

समशीतोष्ण प्रदेशांत इन्फ्ल्यूएंझा हा हिवाळ्याचा रोग आहे. थंड व कोरड्या हवेत विषाणू अधिक काळ टिकतो आणि माणसेही दारे-खिडक्या लावून एकत्र बसतात. उष्ण कटिबंधात असा हिवाळाच नसतो. तरीही रोग येतोच, आणि पुष्कळ ठिकाणी तो दमट व पावसाळी महिन्यांत बळावतो. म्हणजे या विषाणूला दोन प्रकारची हवा मानवते : एक थंड-कोरडी आणि दुसरी दमट-पावसाळी.

भारतात हे दोन्ही प्रकार पाहावयास मिळतात. २००९ ते २०१३ या काळात देशातील निरनिराळ्या शहरांतील रुग्णांच्या नमुन्यांची जी तपासणी झाली व जिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले, तीत ही गोष्ट स्पष्टपणे दिसून आली. सुमारे ३४ अंश उत्तर अक्षांशावरील श्रीनगरात साथीचा कळस जानेवारी ते मार्च या महिन्यांत आढळला. पुणे, नागपूर, दिल्ली, लखनौ, कोलकाता, दिब्रुगढ व आलप्पुळा येथे तो जुलै ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत आढळला. चेन्नई व वेल्लोर येथे मात्र तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात होता. आणि तमिळनाडूच्या त्या भागात मुख्य पाऊस पडतो तो याच महिन्यांत. अर्थात साथ पंचांगातील महिन्याला नव्हे, तर पावसाला धरून चालत होती. श्रीनगर व चेन्नई एकाच देशात असूनही त्यांना लसीकरणाचा एकच महिना लागू पडत नाही, तो यामुळे.

पुणेकरांना या पावसाळी हंगामाचा दाहक अनुभव २००९ साली आला. त्या वर्षी ११ जून रोजी जागतिक आरोग्य संघटनेने एच१एन१ इन्फ्ल्यूएंझाची, म्हणजे लोकांच्या तोंडी रुळलेल्या ‘स्वाइन फ्लू’ची, जागतिक साथ जाहीर केली, आणि या रोगाने भारतात घडलेला पहिला मृत्यू ३ ऑगस्ट रोजी पुण्यात नोंदला गेला. पाऊस ऐन भरात असलेले ते दिवस होते.

तथापि महाराष्ट्रात हिवाळा अगदी निर्धास्त असतो असे समजू नये. २०१५ च्या आरंभीच्या महिन्यांत एच१एन१ ची आणि २०२३ च्या जानेवारी ते मार्च या काळात एच३एन२ ची मोठी लाट देशाच्या अनेक भागांत येऊन गेली. पावसाळ्यातील साथ ही मुख्य आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धातील साथ ही कमीअधिक जोराची दुसरी, असे सामान्यतः म्हणता येईल.

४. लसीचा जोर : चढ आणि उतार

लस टोचल्याबरोबर संरक्षण मिळत नाही. पुरेशी प्रतिपिंडे तयार होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. सहा महिने ते आठ वर्षे या वयातील ज्या मुलाला ही लस प्रथमच दिली जाते, त्याला किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा द्याव्या लागतात. म्हणजे त्याच्या बाबतीत तयारीला सहा आठवडे लागतात.

पुढे काही महिने संरक्षण चांगले राहते व नंतर ते हळूहळू उतरू लागते. वृद्धांत हा उतार अधिक लवकर जाणवतो. दरवर्षी लस घेण्याचे दुसरे कारण हेच होय. विषाणू समजा मुळीच बदलला नाही, तरी गेल्या वर्षीची लस या वर्षी पुरेशी उरत नाही. याच कारणासाठी अमेरिकेत सुद्धा बहुतेक प्रौढांना जुलै-ऑगस्टमध्ये घाईने लस घेऊ नये असे सांगण्यात येते. कारण तेथील साथ डिसेंबर ते फेब्रुवारीत कळसाला पोहोचते.

आता हा हिशेब पुण्यातील एखाद्या मधुमेही वृद्धास लावून पाहावा. त्याने अमेरिकेतील आप्तांच्या सांगण्यावरून ऑक्टोबरात लस घेतली, तर जुलैत साथ येईपर्यंत नऊ महिने उलटलेले असतात. त्याने तीच टोचणी मे महिन्याच्या मध्यास घेतली असती, तर मृगाचा पाऊस पडण्याच्या सुमारास त्याचे संरक्षण पूर्णत्वास येऊन पुढचे तीनचार धोक्याचे महिने भरीव राहिले असते. कोकणात घर शाकारण्याचे काम वैशाखात उरकतात. भाद्रपदात शाकारलेले छप्पर पुढच्या आषाढापर्यंत तसेच राहील असा भरवसा कोणी धरीत नाही. लसीचा न्याय याहून फारसा वेगळा नाही. वर उल्लेखिलेल्या पाहणीचा निष्कर्षही हाच होता की, जेथे पावसाळ्यात साथ येते तेथे एप्रिल-मे आणि जेथे ती हिवाळ्यात येते तेथे हिवाळ्यापूर्वीचे महिने लसीकरणास योग्य ठरतात.

५. दोन गोलार्धांच्या दोन लसी

येथे आणखी एक व्यावहारिक गुंता उद्भवतो. लसीचे घटक ठरल्यापासून ती बाजारात येईपर्यंत सुमारे सहा महिने जातात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेचे तज्ज्ञ वर्षातून दोनदा बसतात. फेब्रुवारीत ते उत्तर गोलार्धाच्या येत्या हिवाळ्यासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धाच्या पुढील हिवाळ्यासाठी वाण सुचवितात. दक्षिण गोलार्धाचा हिवाळा म्हणजे साधारणतः जून ते ऑगस्ट; अर्थात आपला पावसाळा.

भारत हा भूगोलदृष्ट्या उत्तर गोलार्धात आहे. परंतु एप्रिल-मेमध्ये लस घ्यावयाची असेल, तर त्या वेळी ताजी असते ती दक्षिण गोलार्धासाठी सिद्ध झालेली लस. गणित सोपे आहे. ऑक्टोबरात मिळणाऱ्या उत्तर गोलार्धाच्या लसीचे वाण त्या वर्षीच्या फेब्रुवारीत निवडलेले असतात. पुढील वर्षीच्या जुलैत त्या निवडीला सतरा महिने झालेले असतात. मे महिन्यात घेतलेल्या दक्षिण गोलार्धाच्या लसीतील वाणांची निवड मागील सप्टेंबरात झालेली असते. जुलैत तिला दहाच महिने होतात. सतरा महिन्यांत विषाणूला रूप पालटण्यास जितका अवसर मिळतो तितका दहा महिन्यांत मिळत नाही. कित्येक वर्षी दोन्ही गोलार्धांच्या लसींत सारखेच घटक असतात हे खरे. पण ते तसे असतीलच असे आधी सांगता येत नाही. यास्तव लस घेताना वेष्टनावरील वर्ष, गोलार्ध व मुदत पाहणे, आणि उन्हाळ्यात गेल्या हिवाळ्यातील शिल्लक लस पदरी पडत नाही ना याची खात्री करणे आवश्यक होय.

नोकरी-व्यवसायानिमित्त परदेशी असलेल्या मुलांकडे हिवाळा काढावयास जाणाऱ्या वृद्ध आईवडिलांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये त्यांना तेथील साथीला तोंड द्यावयाचे असते. मे महिन्यात येथे घेतलेली लस तोवर उतारास लागलेली असते. म्हणून वैद्याच्या सल्ल्याने तेथील हंगामापूर्वी उत्तर गोलार्धाची लस घेणे हितावह असते.

६. कोणी अग्रक्रमाने घ्यावी

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली इन्फ्ल्यूएंझाच्या लसीसाठी अग्रक्रमाचे गट सांगितले त्यांत आरोग्यसेवक, जुनाट विकार असलेल्या व्यक्ती, वृद्ध आणि गर्भवती स्त्रिया यांचा समावेश आहे. मधुमेह, दमा, हृदयविकार, मूत्रपिंडाचे विकार यांनी आधीच खचलेल्या शरीराला इन्फ्ल्यूएंझा केवळ ताप-खोकल्यावर सोडीत नाही. त्यातून न्यूमोनिया होतो व मूळ विकारही बळावतो.

गर्भवती स्त्रीचा विचार येथे स्वतंत्रपणे केला पाहिजे. सहा महिन्यांखालील अर्भकाला इन्फ्ल्यूएंझाची लस देता येत नाही. त्याला संरक्षण मिळण्याचा मुख्य मार्ग म्हणजे मातेने गरोदरपणी लस घेणे. तिची प्रतिपिंडे वारेतून बालकाकडे जातात व पहिले काही महिने त्याला पुरतात. ही लस गरोदरपणाच्या कोणत्याही महिन्यात देता येते. ज्या स्त्रीचे बाळ पावसाळ्यात जन्मणार आहे तिला उन्हाळ्यातच लस मिळणे म्हणजे दोन जीवांचे रक्षण होय. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली गर्भवती स्त्रिया व जोखमीच्या व्यक्ती यांना ही लस विनामूल्य देण्यास आरंभ केला, त्यामागील तत्त्व हेच आहे. नाकात फवारण्याची जी लस जिवंत, पण दुर्बल केलेल्या विषाणूंची असते, ती मात्र गर्भवती स्त्रियांना व ज्यांची रोगप्रतिकारशक्ती क्षीण आहे अशांना देत नाहीत; त्यांच्यासाठी मृत विषाणूंची टोचणीच योग्य.

वृद्धांत सामान्य लसीचा परिणाम कमी पडतो म्हणून काही देशांत पासष्ट वर्षांवरील व्यक्तींना चौपट प्रतिजन असलेली लस किंवा परिणाम वाढविणारे द्रव्य मिसळलेली लस देण्यात येते. अशी लस मिळत असल्यास ती पसंत करावी. परंतु ती मिळण्याची वाट पाहत पावसाळा सुरू होऊ देण्यापेक्षा साधी लस वेळेवर घेणे श्रेयस्कर.

७. आर. एस. व्ही. : एका अपयशाची दीर्घ छाया

हा विषाणू १९५६ साली अमेरिकेत प्रथम सर्दी झालेल्या चिंपांझींत आढळला आणि पुढच्याच वर्षी रॉबर्ट चॅनक यांनी तो आजारी अर्भकांत दाखवून दिला. मोठ्यांना तो पडशासारखा वाटतो. अर्भकांत मात्र तो बारीक श्वासनलिका सुजवून जीव धोक्यात आणतो. २०१९ या एका वर्षात जगभर पाच वर्षांखालील सुमारे एक लाख बालके त्याने दगावली असा अंदाज आहे. त्यांतील जवळजवळ निम्मी सहा महिन्यांच्या आतील होती, आणि बहुतेक सर्व गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील होती.

असे असूनही लस येण्यास साठ-पासष्ट वर्षे का लागावीत? १९६० नंतरच्या दशकात फॉर्मॅलिनने मारलेल्या विषाणूची लस अमेरिकेत बालकांवर अजमावण्यात आली. तिने संरक्षण तर मिळाले नाहीच. उलट लस घेतलेल्या अर्भकांना पुढे या विषाणूची बाधा झाली तेव्हा त्यांचा रोग अधिक तीव्र झाला आणि दोन बालके मृत्यू पावली. या घटनेने संशोधन दीर्घकाळ थबकले. विषाणू पेशीत शिरण्यापूर्वी त्याच्या एका प्रथिनाचा आकार कसा असतो हे २०१३ साली उलगडले. त्या मूळ आकाराविरुद्धची प्रतिपिंडेच खरी प्रभावी असतात असे कळून आले, आणि त्याच आधारावर २०२३ साली अमेरिकेत पहिल्या लसी मान्य झाल्या.

या लसी दोन गटांसाठी आहेत. पहिला गट वृद्धांचा. अमेरिकेत २०२४ साली पंचाहत्तर वर्षांवरील सर्वांना आणि त्याखालील वयाच्या जोखमीच्या व्यक्तींना ही लस सुचविण्यात आली. इन्फ्ल्यूएंझाप्रमाणे ती दरवर्षी घ्यावयाची नसून तूर्त एकच मात्रा पुरेशी मानली जाते. दुसरा गट गर्भवती स्त्रियांचा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मातेला दिलेल्या लसीने बालकाच्या तीव्र रोगापासून पहिल्या तीन महिन्यांत सुमारे ८२ टक्के व सहा महिन्यांपर्यंत सुमारे ६९ टक्के संरक्षण मिळाल्याचे आढळले. येथे काळ ठरतो तो ऋतूबरोबरच गरोदरपणाच्या आठवड्यांवर : अमेरिकेत ३२ ते ३६ वा आठवडा, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या सल्ल्यानुसार २८ व्या आठवड्यापासून पुढे. लस व प्रसूती यांत किमान दोन आठवडे जावे लागतात, तरच प्रतिपिंडे बालकापर्यंत पोहोचतात. ज्या बालकाच्या मातेला लस मिळाली नाही त्याला तयार प्रतिपिंडाची एक टोचणी जन्मानंतर देता येते. ती लस नव्हे, पण सुमारे पाच महिने तिचा उपयोग होतो.

८. करोना : ऋतूपेक्षा अंतराला महत्त्व

भारतात करोना विषाणूविरुद्ध लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झाले आणि पुढे २२० कोटींहून अधिक मात्रा देण्यात आल्या. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. विषाणू मात्र नाहीसा झालेला नाही. त्याच्या लाटा इन्फ्ल्यूएंझाप्रमाणे एका ऋतूला बांधलेल्या नाहीत. नवा उपप्रकार उद्भवला म्हणजे त्या कोणत्याही महिन्यात येतात. त्यामुळे येथे पाहावयाचे ते मागील मात्रेपासून किंवा मागील आजारापासून लोटलेले अंतर. निरोगी तरुणाला पूर्वीच्या लसीने व बाधेने मिळालेले संरक्षण तीव्र रोग टाळण्यास बहुधा पुरते. अतिवृद्ध, अनेक विकारांनी ग्रस्त असलेले आणि क्षीण प्रतिकारशक्तीचे लोक यांच्यासाठी मात्र २०२३ सालच्या सल्ल्यात सहा ते बारा महिन्यांनी पुन्हा मात्रा देण्याचा विचार मांडलेला आहे. अशी मात्रा घेताना ती कोणत्या उपप्रकाराविरुद्ध सिद्ध केलेली आहे हे विचारून घ्यावे.

९. लसीकडून कोणती अपेक्षा ठेवावी

लस घेऊनही सर्दी झाली, तेव्हा लस फुकट गेली, असा समज सर्वत्र आढळतो. साधे पडसे बहुधा ऱ्हायनोविषाणूंमुळे होते. त्यांचे दीडशेहून अधिक प्रकार आहेत व त्यांच्यावर लस नाही. इन्फ्ल्यूएंझाची लस विषाणूशी चांगली जुळली, तर डॉक्टरांकडे जाण्याची पाळी येण्याइतका आजार सुमारे ४० ते ६० टक्क्यांनी कमी करते. हा आकडा प्रथमदर्शनी तोकडा वाटेल. परंतु ज्यांना रोग होतोच त्यांच्यातही तो सौम्य राहण्याकडे कल असतो, आणि मधुमेही वृद्धाच्या किंवा गर्भवती स्त्रीच्या बाबतीत घरी पडून काढलेला ताप आणि कृत्रिम श्वसनयंत्रावर काढलेले दिवस यांतील अंतर फार मोठे आहे.

१०. समारोप

वरील विवेचनावरून महाराष्ट्रापुरता निर्णयाचा क्रम येणेप्रमाणे सांगता येईल. वृद्ध, जुनाट विकार असलेले, गर्भवती स्त्रिया, लहान मुले व आरोग्यसेवक यांनी इन्फ्ल्यूएंझाची लस दरवर्षी, शक्यतो एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, त्या वर्षीच्या दक्षिण गोलार्धाच्या वाणांची घ्यावी. ज्या मुलांना दोन मात्रा लागतात त्यांची पहिली मात्रा एप्रिलच्या आरंभीच द्यावी. मे महिना हुकला तर लस सोडून देऊ नये. साथ चालू असताना घेतलेली लसही दोन आठवड्यांनी उपयोगी पडते, आणि हिवाळ्याच्या उत्तरार्धातील दुसऱ्या साथीच्या वेळी ती कामास येते. गर्भवतीने मे महिन्याची वाट न पाहता आपल्या प्रसूतीच्या तिथीवरून हिशेब करावा. आर. एस. व्ही. ची लस उपलब्ध असल्यास वयोवृद्धांनी एकदा आणि गर्भवतीने ठरलेल्या आठवड्यांत घ्यावी. करोनाच्या पुढील मात्रेचा विचार जोखमीच्या व्यक्तींनी अंतर मोजून करावा. यांपैकी इन्फ्ल्यूएंझा व करोना यांच्या लसी एकाच दिवशी निरनिराळ्या दंडांवर घेता येतात. अंगात बराच ताप असल्यास टोचणी काही दिवस पुढे ढकलावी. आणि पूर्वीच्या मात्रेनंतर श्वास अडणे, चेहरा सुजणे असा तीव्र विकार झाला असल्यास वैद्याला ते आधी सांगावे.

या सर्वांत सामान्य कुटुंबाला स्वतःच्या हातांनी साधता येण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळ. पावसाळ्यापूर्वीच्या कामांच्या यादीत, छप्पर व छत्री यांच्या शेजारी, घरातील वृद्धांच्या व गर्भवतीच्या लसीची नोंद झाली, तर तीच लस अधिक उपयोगी पडेल.